रांजणाखालची बरणी

वहिनीच्या द्राक्षासवाचा विषय घरात निघाला की मी उठून पाणी प्यायला जात असे. परत येईपर्यंत विषय बदललेला असायचा. पुढे मुलं मोठी झाली, ज्यांना तो विषय माहीत होता ती माणसं एकेक करून गेली आणि मला उठायची गरजच उरली नाही. आता ते आसव चाखलेला मी एकटाच उरलो आहे. मी लिहिलं नाही तर ते कधी झालंच नव्हतं असं होईल, आणि ते कसं बिघडलं याबद्दल घरात जे बोललं गेलं तेवढंच खरं राहील. म्हणून हे लिहितो आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर नागपूरजवळच्या खाप्याचं, वडील तिथले वैद्य. कन्हान नदीच्या काठाला त्यांचा लहानसा मळा होता. संत्र्याची थोडी झाडं, भाजीपाला, आणि विहिरीवर मांडव करून चढवलेला द्राक्षाचा वेल. आमच्याकडे तेव्हा द्राक्ष कोणी लावत नसे, पण वैद्यबुवांना आसवासाठी ताजी द्राक्षं हवी असत म्हणून त्यांनी नाशिककडून कलमं मागवली होती. आसव हे आंबवून केलेलं औषध. रस, गूळ, आंबवण धरायला धायटीची फुलं, वरून लवंग-वेलची घालून तोंड बांधायचं आणि वाट पाहायची. ती दारू नव्हे, पण दारूची जवळची नातेवाईक म्हणायला हरकत नाही. वहिनी परकरात होती तेव्हापासून वडिलांच्या हाताखाली हे करत आली होती.

साठीचं दशक संपत आलं होतं तेव्हा ती लग्न होऊन नागपूरला, प्रतापनगरातल्या आमच्या घरी आली. मी नुकताच एका कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो, लग्न व्हायचं होतं. घरावर आईचा अंमल होता. लोणची, पापड, सांडगे ही सगळी तिची सत्ता. बरण्यांच्या कपाटाला तिच्याशिवाय कोणी हात लावत नसे आणि पाळीमुळे 'बाजूला' बसलेल्या बाईची तर त्या कपाटावर सावलीसुद्धा पडता कामा नये असा तिचा नियम होता. तशी माणूस वाईट नव्हती. तिच्या सासूनं तिला तसंच वागवलं होतं, एवढंच. नव्या सुनेनं वर्षभर त्या घरात भाकरी थापल्या, भांडी लावली. तिला दुसरं काही येतं हे कोणाला माहीत नव्हतं.

माघ महिन्यात वहिनी माहेरी गेली होती आणि तिला परत आणायला मला पाठवलं होतं. त्या वर्षी अवकाळी पाऊस होऊन गेला होता. रोज सकाळी नदीवरून धुकं उठायचं, मळ्यात शिरायचं आणि वेलात अडकून बसायचं. उन्हं वर आली की सगळं कोरडं ठणठणीत. मी पोचलो तेव्हा मांडवावरचे घोस पाहवत नव्हते. मणी तपकिरी पडलेले, सुरकुतलेले, वर चुलीतली राख उडून बसावी तशी लव.

"नासलं सारं," वैद्यबुवा मला म्हणाले. "गड्याले सांगतो, तोड आन् उकिरड्यावर टाक."

वहिनी मांडवाखाली उभी होती. तिनं त्यातला एक मणी तोडला, नाकाशी नेला आणि तोंडात टाकला.

"थुक ते. येडी झाली का वं?"

ती थुंकली नाही. डोळे मिटून उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, एक खाऊन पाहा."

"मी कायले खाऊ? मी माणसं बरी करतो. मीच पडलो तर मले कोण बरं करन?"

"मंग भाऊजी, तुम्ही खा."

नाही म्हणायला लाज वाटली म्हणून मी खाल्ला. आधी जिभेला राखेसारखं कोरडं लागलं. मग तो मणी फुटला आणि आत पाणी नव्हतंच. आत जाड, मुरलेला, मधासारखा गर होता, पण मध एकसुरी गोड असतो तसा नाही. मागे आंबटपणा होता आणि त्याच्याही मागे संत्र्याची साल वाळत घातल्यावर येतो तसला वास. मी दुसरा मणी तोडला. वहिनी हसली.

वैद्यबुवांना मात्र पटलं नाही. कुजलेलं फळ आसवात जात नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. "माझ्या माठात नाही," ते म्हणाले.

"तुमच्या माठात नाही टाकत. सासरच्या बरणीत टाकते."

आम्ही दोन टोपल्या घेऊन एस.टी.त बसलो. कंडक्टरनं टोपलीवरचा कपडा उचलून पाहिला.

"बाई, काय घेऊन चालल्या हे?"

"औषध आहे."

"कोणाले द्याचं? दुश्मनाले?"

अख्खी गाडी हसली. वहिनीही हसली आणि नागपूर येईपर्यंत टोपल्या मांडीशी धरून बसली.

घरात आईनं टोपल्या पाहिल्या आणि पदर नाकाला लावला. भाऊ म्हणाला, "आबकारीवाले आले तर मी घरी नाही म्हणून सांगजा." वडिलांना जुना खोकला होता. ते आरामखुर्चीतून एवढंच म्हणाले, "करू दे तिले. माझा खोकला काही एवढ्यात जात नाही." त्या एका वाक्यावर परवानगी मिळाली.

पुढचे दिवस मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. पडवीत जुनं धोतर अंथरून वहिनी बसायची आणि शिवणाच्या सुईनं एकेक मणी घोसातून सोडवायची. प्रत्येक मणी नाकाशी. जरा आंबूस वास आला की बाहेर, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली की बाहेर, नुसताच पिकलेला टपोरा मणीही बाहेर. फक्त राखाडी लव आणि सुरकुती असलेला आत. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. वडिलांकडून ती आसव करायला शिकली होती, पण हे तिचं तिनं त्या मांडवाखाली एका घासात ठरवलं होतं. मीही मदतीला बसलो. मी निवडलेले मणी ती पुन्हा एकदा निवडायची.

आईनं गूळ काढून ठेवला होता. वहिनीनं तो परत कपाटापाशी नेऊन ठेवला.

"गूळ नाही लागत आई याले."

"गुळाबिगर आसव? तुझ्या बापानं तरी केलं का कधी?"

"नाही केलं. म्हणूनच करून पाहते."

मणी पंच्यात बांधून दोन पाटांमध्ये ठेवले आणि वजनाला वर पाटा. रस थेंबाथेंबानं आला, काकवीसारखा संथ. दोन टोपल्यांतून लहानशी बरणीही जेमतेम भरली. तिनं चिमूटभर धायटीची फुलं टाकली, लवंग-वेलचीला हात लावला नाही. नागपूरचा उन्हाळा डोक्यावर होता. स्वयंपाकघर आणि मागचं अंगण यांच्यामधल्या बोळात पाण्याचा रांजण होता, त्याच्या खालची वाळू कायम ओली. तिथं वाळू उकरून तिनं बरणी गळ्यापर्यंत पुरली आणि वर फडकं बांधलं.

रोज पाणी भरताना ती वाकून बरणीला कान लावायची. "बोलून राहिलं," म्हणायची. मला कान लावायला सांगायची. आत खरंच बारीक चुरचुर ऐकू यायची, तव्यावर लांब कुठं काही भाजत असल्यासारखी. वडिलांची शिकवण म्हणून ती पेटती वात बरणीच्या तोंडाशी धरून बघे. आत आंबणं चालू असलं की वात विझते. आसव पुरतं तयार झालं की वात तशीच जळत राहते. बाकीच्या आसवांना महिना लागतो. हे सगळा उन्हाळा बोलत राहिलं. पाऊस सुरू झाला तरी वात विझायची. आई म्हणाली, "याचं तोंड बंद होणार का नाही?" वहिनी म्हणाली, "घाई नाही करायची. गोडवा जास्त आहे न, त्याले पचवाले वेळ लागते."

शेवटी श्रावणात एकदा वात स्थिर जळली. वहिनीनं रस गाळून बरणी पुन्हा भरली, तोंडाला कापड बांधून वर मातीचा लेप दिला आणि दिवाळीनंतर उघडायची असं सांगितलं.

उघडली तेव्हा घरात आम्हीच होतो. रंग नव्या तिळाच्या तेलासारखा. तिनं प्रत्येकाला एकेक चमचा दिला. वडिलांनी चमचा तोंडात धरून चव घोळवली. मग त्यांनी रिकामा चमचा तिच्याकडे परत केला आणि विचारलं, "पोरी, हे कुठं शिकली?" त्यांनी तिला 'पोरी' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

चव कशी होती ते सांगायचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे. जर्दाळू, मध, संत्र्याची साल, थोडं केशर. पण हे सगळं सांगूनही जे राहतं तेच खरं होतं. चमचा गिळल्यावर ती चव जात नसे. तोंडात बदलत राहायची, आणि तिचा शेवटचा आंबटपणा इतका स्वच्छ होता की पुन्हा पहिला घोट घ्यावासा वाटे. आई म्हणाली, "गूळ नाही म्हणते?" आणि थोड्या वेळानं, "मलेही खोकला आहे जरासा." त्या हिवाळ्यात आमच्या घरात सगळ्यांनाच खोकला झाला. बरणी संपल्यावर बरा झाला.

पुढच्या माघात पुन्हा धुकं आलं. या वेळी वहिनी स्वतः जाऊन भरपूर द्राक्षं घेऊन आली आणि मोठी बरणी लावली, कारण त्याच वर्षी दिवाळीनंतर वडिलांची एकसष्टी होती. वडिलांनी ठरवलं होतं की जेवणानंतर आलेल्या प्रत्येकाच्या हातावर या आसवाचा चमचा पडावा आणि ते सुनेनं द्यावं. आईनंही ते मानलं होतं. बरण्यांच्या कपाटात एक फळी वहिनीची झाली होती. ज्यांनी असं घर पाहिलेलं नाही त्यांना ही फळी केवढी मोठी गोष्ट होती ते कळणार नाही.

आता माझं.

नवरात्रानंतर आमच्याकडे पुन्हा ऊन तापतं. सुटीच्या दिवशी दुपारी सगळे पुढच्या खोलीत झोपलेले असत. बरणीला लेप होता, पण मला त्या चवीची आठवण होती. मी लेपाखाली चाकू घातला, तो टोपीसारखा अख्खा निघाला. एक वाटी आसव काढलं आणि बोळातच उकिडवं बसून प्यालो. मग पातळी खाली गेलेली दिसली. वर रांजण होता. मी वाटीभर पाणी बरणीत घातलं, कडा ओल्या करून लेप परत बसवला. एवढी साधी गोष्ट. वाटीभर पाण्यानं काय होणार, असं मला वाटलं होतं. पुढच्या सुटीला पुन्हा. नंतर किती वेळा, ते मी मोजलं नाही. गोडवा कमी वाटायला लागला तेव्हाही थांबलो नाही. तेव्हा तर वाटलं, आता आपल्यालाच त्याची सवय झाली.

एकसष्टीच्या दिवशी पंगती उठल्या, पानं झाली. पाहुणे बैठकीत बसले. वैद्यबुवाही खाप्याहून आले होते. चमचे घेऊन मी उभा होतो. भावानं बरणी आणून ठेवली. वहिनी नऊवारीत होती, आईनंच दिलेली. तिनं लेप फोडला, कापड सोडलं, आणि तिचा चेहरा वास माझ्यापर्यंत पोचायच्या आधी बदलला. वर पांढरी साय धरली होती. वास शिरक्याचा होता. वडिलांनी तरी चमचा पुढे केला, चाखला आणि खाली ठेवला. "राहू दे," ते म्हणाले.

आईनं विचारलं, "कोणी हात लावला होता का याले?"

मी चमचे घेऊन तसाच उभा होतो.

"मी लावला होता," वहिनी म्हणाली. "मागच्या महिन्यात. बाजूला होते तवा. लेप तडकला होता, मुंग्या लागल्या होत्या. सारं वाया जाईन म्हणून माती भिजवून बसवली."

ते आईनं पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. ती नाही म्हणाली असती तर विषय तिथंच संपला असता.

"मंग दुसरं काय होणार वं?" एक आत्या म्हणाली.

वैद्यबुवा मान खाली घालून म्हणाले, "मी पहिलेच सांगितलं होतं. कुजलेलं जात नाही आसवात." लेकीला वाचवायला ते तसं म्हणाले असावेत, पण त्यानं आणखीच एक दोष तिच्या पदरात पडला.

लेप तडकला काहून, हे कोणी विचारलं नाही. तो मीच पुन्हापुन्हा काढून बसवल्यानं तडकला होता. तिनं मुंग्या दिसताच नियम मोडून तो सावरला होता. त्या घरात ती बरणी वाचवायची धडपड केलेली ती एकटी, आणि बिघडवली म्हणून ठरलीही तीच.

आई ओरडली नाही. पाहुणे गेल्यावर तिनं कपाटातली ती फळी रिकामी केली. वहिनीनं त्यानंतर लोणच्याला, पापडाला, सांडग्यांना हात लावायचा नाही असं ठरलं. नातेवाइकांत गोष्ट पसरली. तिच्या हाताला गुण नाही, असं म्हणायला लागले. खाप्याला वैद्यबुवांनी वेल मुळापासून काढून टाकला. आणि मला सर्वांत जास्त जे आठवतं ते पुढचं आहे. बऱ्याच वर्षांनी आई गेली, घर वहिनीचं झालं, कोणी अडवणारं उरलं नाही. तरी ती लोणचं विकत आणायची. फार तर कैऱ्यांच्या दिवसांत शेजारणीला बोलावून मीठ-तिखट तिच्या हातानं घालून घ्यायची आणि स्वतः चार पावलं लांब उभी राहून प्रमाण सांगायची. प्रमाण नेहमी अचूक असे.

ऐंशीच्या दशकात आमच्या कचेरीतले एक साहेब युरोपला जाऊन आले. त्यांनी काही जणांना जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर एका बारक्या बाटलीतून थोडी थोडी वाइन ओतली. हंगेरीची, म्हणाले. मी पेला ओठाला लावला आणि खुर्चीचा हात धरला. जर्दाळू, मध, संत्र्याची साल. गिळल्यावर न जाणारी चव, आणि शेवटी तो स्वच्छ आंबटपणा.

साहेब सांगत होते की ही कुजलेल्या द्राक्षांची असते. नदीवरून सकाळी धुकं यावं लागतं, दुपारी ऊन पडावं लागतं, तेव्हा एक राखाडी बुरशी धरते. तिकडचे लोक त्या धुक्याची वाट पाहतात. एकेक मणी हातानं निवडतात. नोबल रॉट म्हणतात तिला. "म्हणजे खानदानी बुरशी," ते म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो असेन. माझ्या डोळ्यांसमोर पडवीतलं धोतर होतं आणि सुई. जगात कुठंतरी लोक पिढ्यानपिढ्या जे शिकत आले ते खाप्याच्या एका मुलीनं एक मणी तोंडात टाकून ओळखलं होतं, आणि आम्ही तिच्याकडून लोणच्याची बरणीसुद्धा काढून घेतली होती.

मी लाज सोडून उरलेलं मागून घेतलं. खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरून दुसऱ्याच दिवशी प्रतापनगरला गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो.

वहिनी मागच्या दारी तांदूळ निवडत होती. मी काही न सांगता चमचा भरून पुढे केला. तिनं आधी वास घेतला. मग चाखलं, आणि मांडवाखाली उभी राहिली होती तशी डोळे मिटून बसली.

"गूळ नाही," ती म्हणाली. "लवंग नाही. बुरशीची द्राक्षं आहेत, भाऊजी. कोणी केलं हे?"

मी साहेबांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. धुकं, ऊन, एकेक मणी. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा असा होत गेला की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे बाबा चुकले होते," ती म्हणाली. "कुजलेलं जाते आसवात."

"जाते. राजेरजवाड्यांच्या ताटाशी असायचं म्हणे."

"आपलं यापेक्षा थोडं चांगलं होतं, नाही का गा? पहिल्या वर्षीचं."

"चांगलं होतं," मी म्हणालो. ते खरं होतं.

तिनं दुसरा चमचा घेतला. मग तांदळाच्या सुपाकडे बघत तिनं विचारलं, "मंग दुसऱ्या वर्षीचं काहून बिघडलं होतं, भाऊजी? माझा हात लागला म्हणूनच का?"

इतकी वर्षं तिला तसंच वाटत होतं. मला नेहमी वाटायचं की तिनं लेपाच्या मातीवरचे माझ्या बोटांचे ठसे ओळखले असतील आणि माझ्यासाठी गप्प बसली असेल. तसं नव्हतं. तिनं स्वतःच्या हातावर विश्वास ठेवणंच सोडलं होतं. तिनं प्रश्न विचारला होता, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि उत्तर माझ्या तोंडात तयार होतं.

"ऊन फार होतं त्या साली," मी म्हणालो.

"ऊन होतं," ती म्हणाली, आणि मान हलवली. पटल्यासारखी नाही, मी तिची समजूत घालतो आहे हे कळल्यासारखी. औषधाची बाटली तिनं पदरानं पुसली आणि आत नेऊन ठेवली. कुठं ठेवली ते मी पाहिलं. बरण्यांच्या कपाटात नाही, त्याच्या बाहेर, खिडकीत.

नंतर मी अनेकदा त्या घरी गेलो. दर वेळी चहा झाला, मुलांच्या चौकशा झाल्या. तिच्या शेवटच्या आजारात मी उशाशी बसलो होतो, तेव्हाही तिनं पाणी मागितलं आणि मी ते दिलं, आणि बोललो नाही. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. वाक्य लांब नव्हतं. बोळात उभं राहून, रांजणावर हात ठेवून, एका दमात म्हणता आलं असतं. वहिनी, तुमच्या हातानं काही बिघडलं नाही. पाणी मी घातलं होतं. मला माफ करा.